भुऱ्याला बागेत सोडलं तो दिवस

मंडळी, मी सध्या लेकीकडे रत्नागिरीला आहे. आज सकाळी तिचा कुत्रा घेऊन बागेतून थेट समुद्रावर गेले. फाटकावर कोणी अडवलं नाही, आणि मला साठ वर्षांपूर्वीची आमच्या अमरावतीची बाग आठवली.

बाबांची दृष्टी गेली तेव्हा मी पाचवीत होते. त्यांचा हात धरायला मी शाळा बुडवायचे. मग आमचा कुत्रा भुऱ्या ते काम शिकला. खड्डा किंवा पायरी आली की तो थांबायचा, आणि त्याची दोरी धरलेले बाबाही थांबायचे.

एका रविवारी आम्ही तिघं तलावावर निघालो. वाट बागेतून होती. रखवालदार आडवा आला. "कुत्र्याले मनाई हाय. पोरगी हाय ना संगं, तिचा हात धरा."

"तिनं जन्मभर माहाच हात धरावा काय? तिले शाळा हाय," बाबा म्हणाले. "मंग तुमीच न्या मले."

त्यानं खरंच बाबांचा हात धरला. भुऱ्याला घेऊन मी फाटकाशी थांबले. दहा पावलांवर पायरी होती. बोलण्याच्या नादात तो सांगायचं विसरला आणि बाबा धडपडले.

रखवालदार ओशाळला. मला हाक मारून म्हणाला, "आन व बाई, तुहं कुत्रं आन. मले नाई जमत हे काम!"

मग आम्ही तिघं तलावावर पोचलो, आणि त्याचं बोलणं आठवून बाबा पाण्यात पाय सोडून खदखदून हसले.

दुसऱ्या दिवशी बाबा आणि भुऱ्या दोघेच तलावावर जाऊन आले. मी वर्गात होते. आमच्या घरातली पहिली मॅट्रिक मीच झाले.

तुमची शाळा कोणामुळे टिकली, सांगा बरं?