परतीचं पाकीट

देशाचं अर्थखातं डोळे मिटून सोपवावं अशी एकच व्यक्ती मी आयुष्यात पाहिली, आणि तिला सही करता येत नव्हती. ती म्हणजे मालवणची माझी घरमालकीण. तिला सगळी आळी काकी म्हणायची, म्हणून मीही काकीच म्हणू लागलो. मी साताऱ्याकडचा, नुकताच हायस्कुलात मास्तर म्हणून लागलेला. तिच्या घराची पडवीलगतची खोली मला आठ रुपये भाड्यानं मिळाली होती. काकीला मूलबाळ नव्हतं. नवरा मुंबईला गिरणीत, गणपतीला आठ दिवस यायचा आणि जाताना बंदरावर तोंड फिरवून उभा राहायचा. बाकी वर्षभर त्याची मनीऑर्डर यायची.

मनीऑर्डर आली की काकी पोस्टमनला गूळपाणी द्यायची, अंगठा उठवायची आणि मग जे करायची ते पाहून मी पहिल्या महिन्यात हबकलोच. पाय धुऊन, दार लोटून ती पाटावर बसायची, समोर सूप घ्यायची आणि फणसाच्या लाकडाच्या पेटीतून पाकिटं काढून सुपात मांडायची. ही पाकिटं म्हणजे घरी आलेल्या पत्रांचीच, पुढे माझ्याही पत्रांची, उलटी करून पेजेनं चिकटवलेली. अक्षरओळख नसल्यामुळे प्रत्येकावर खूण होती. तांदळाच्या पाकिटाला तांदळाचे तीन दाणे चिकटवलेले, मासळीच्या पाकिटाला तामोशीचा खवला, कपड्यांच्याला दोऱ्याचा तुकडा, कौलांच्याला कौलाचा लाल फराटा, औषधाच्याला वेखंडाची कांडी, गणपतीच्याला कुंकवाचं बोट. अंधारातसुद्धा नुसत्या वासावरून ती पाकीट ओळखायची. मनीऑर्डरचे पैसे या सगळ्यांत वाटले जायचे, आणि एकदा वाटले की ब्रह्मदेव आला तरी इथला रुपया तिथे होत नसे.

एकदा पिंगुळीहून तिचा भाऊ आणि भावजय न कळवता आले. महिन्याची तेवीस तारीख, मासळीचं पाकीट रिकामं. दारात कोळीण टोपलीभर फडफडीत बांगडे घेऊन उभी, भाऊ आशेनं टोपलीत वाकून बघतोय आणि तांदळाच्या पाकिटात चांगले तीन रुपये. मी म्हटलं, "काकी, त्यातले घ्या की." ती माझ्याकडे असं बघू लागली, जणू मी देवळातली समई विकायला सांगितली. "तांदळाच्या पैशांनी मासो खाल्लो तर पोटात दोघांची झगडी लागतली," ती म्हणाली, आणि कोळणीला परत पाठवलं. भाऊ मुकाट्यानं कुळथाची पिठी जेवला. पुन्हा तो आला तो महिन्याच्या पाच तारखेच्या आत, शहाणा झाला बिचारा.

या तत्त्वनिष्ठेचा फटका मलाही बसला. माकडांनी माझ्या खोलीवरची चार कौलं फोडली आणि पाणी थेट उशीवर गळू लागलं. मी तक्रार केली. काकीनं लाल फराट्याचं पाकीट उघडून मला दाखवलं, आत सव्वा रुपया. "कौलांचा पाकीट भरूंदे मास्तरानू, मगे कौलां घालूया. तवसर खाट जरा सरकवा." मी खाट सरकवली. श्रावणात पुन्हा सरकवली. त्या पावसाळ्यात माझ्या खाटेनं खोलीला पुरी प्रदक्षिणा घातली. पाकीट भरलं तेव्हा पाऊस संपला होता, तरी तिनं दुसऱ्या दिवशी कौलं बसवली आणि मला विजयी मुद्रेनं म्हणाली, "बघलात? कोणाचा एक पैसो लागाक नाय." मी शिंकत होतो.

माझा पगार पंधरा तारखेला संपतो हे तिच्या लक्षात आलं तेव्हा तिला माझी खरोखर काळजी वाटली. तिच्या आग्रहावरून मीही सात पाकिटं केली आणि वळणदार अक्षरात त्यांवर नावं घातली: खानावळ, खोलीभाडं, आईस मनीऑर्डर वगैरे. दहा तारखेला खानावळीनं पुस्तकांकडून दोन रुपये उसने घेतले. बारा तारखेला किरकोळनं सगळ्यांना बुडवलं. शेवटी पैशांऐवजी सातही पाकिटांत एकमेकांच्या नावच्या चिठ्ठ्या राहिल्या. काकीनं ती सुपात मांडून बारकाईनं पाहिली आणि सुस्कारा सोडला. "मास्तरानू, तुमच्या पाकिटांका अक्षर आसा, पण अब्रू नाय."

पेटीच्या तळाशी मात्र दोन पाकिटं वेगळी असायची. एकावर कपड्यांच्या निळीचा एक ठिपका, दुसऱ्यावर दोन. बरेच दिवस ती त्यांच्याबद्दल बोलली नाही. मग एकदा आपणहून सांगितलं. एक ठिपका म्हणजे मुंबईला जायचं आगबोटीचं भाडं, दोन ठिपके म्हणजे यायचं. लग्नाला अठरा वर्षं झाली होती आणि नवरा राहतो कुठे, जेवतो कुठे, निजतो कुठे हे तिनं पाहिलं नव्हतं. तेवढं एकदा बघायचं होतं, बाकी मुंबईशी तिचं काही देणंघेणं नव्हतं. जायचं पाकीट दोन वर्षांपूर्वीच भरलं होतं. यायचं काही भरेना, कारण सगळ्यांना वाटून उरलेली चिल्लर त्याच्या वाट्याला येई, आणि ती कधी उरे, कधी उरत नसे.

"मग जाऊन तर या," मी म्हटलं. "परतीचं काका बघतील."

"परत येवचे पैसे नसले तर तेका जावचा म्हणनत नाय, पळान जावचा म्हणतत," काकी म्हणाली.

तिची पत्रं मीच लिहायचो. दर पत्रात खुशाली, गाय, माडांचे नारळ, आणि शेवटी एकच वाक्य: औंदा येणं जमत नाही. एकदा मी म्हटलं, खरं कारण लिहू का? ती एकदम कडाडली. "पैशाचा कायएक लिवू नकात! येवचा पाकीट भरूक नाय म्हणान कळला, तर तो थंय उपाशी रवान पैसे धाडतलो." मी लिहिलं नाही. एका ओळीचंच काम होतं, पण मी आज्ञाधारक माणूस.

माझ्या तिथल्या चौथ्या वर्षी, दिवाळी नुकतीच झाली होती, पोस्टमन मनीऑर्डरीचा दिवस नसताना आला. तार होती. आळीत तार म्हणजे रडारडच, बायका आधीच दाराशी गोळा झाल्या. मी वाचली: नवरा आजारी, दवाखान्यात, ताबडतोब या. काकीनं पाय धुतले, पाट मांडला आणि सूप समोर घेतलं. परतीचं पाकीट तिनं सुपात उपडं केलं. निम्मंसुद्धा नव्हतं.

मी धावत जाऊन माझी सातही पाकिटं झाडली. एक रुपया सदुसष्ट नवे पैसे. इतकी लाज मला जन्मात वाटली नव्हती. "तांदळाचे घ्या, कौलांचे घ्या, गणपतीचे घ्या!" मी जवळजवळ ओरडलोच. तिनं मान हलवली. "तेका घेवन परत इलंय काय जेवक नको? गणपती बसवक नको?" म्हणजे नवऱ्याला घेऊन येणार हे तिनं ठरवूनच टाकलं होतं. निळीची दोन्ही पाकिटं चोळीत खोचून, पेटी माझ्या ताब्यात देऊन, आयुष्यात पहिल्यांदा पुरत्या परतीच्या भाड्याशिवाय ती आगबोटीकडे नेणाऱ्या पडावात चढली. मला पाहून हात हलवला नाही. ओरडून म्हणाली, "माशाचे पैसे माशाकच घाला हां!"

मी घातले. पाच आठवडे त्या पेटीची इमानदारीनं राखण केली. वीस तारखेनंतर खानावळीचे पैसे संपले तेव्हा मी कुळथाची पिठी खाल्ली आणि तांदळाच्या पाकिटाकडे बघितलंसुद्धा नाही.

दोघं आली तेव्हा बंदरावर निम्मी आळी होती. काका अर्धे झाले होते, पण चालत उतरले. घरी आल्यावर काकीनं चोळीतून तीन पाकिटं काढून माझ्यासमोर ठेवली, सगळी रिकामी. दोन तिची. तिसरं मळकं, अनोळखी, आणि त्यावरही निळीचे दोन ठिपके.

"तेच्या ट्रंकेत गावला," ती म्हणाली. "माझ्या परत येवचा भाडा. तीन वर्सां भरून ठेवललां."

काका भिंतीला टेकून हळूच हसले. गणपतीला यायचे तेव्हा पेटीतल्या खुणा ते बघत, निळीच्या ठिपक्यांचा अर्थ ओळखून होते, पण आत किती ते कधी उघडून बघितलं नाही. जायचं ही जमवील, यायचं आपण जमवू, असा त्यांचा हिशेब. मी विचारलं, "मग कळवलं का नाही?" ते काकीकडे बोट करून म्हणाले, "सांगला असता तर ह्या जावचे पैसे जमवक पोटाक चिमटो काढीत बसला असता."

तीन वर्षं! जायचं पाकीट मालवणात भरलेलं, यायचं मुंबईत भरलेलं आणि मधली पत्रं लिहायला मी. तिचं परतीचं भाडं त्या मळक्या पाकिटातून गेलं, काकांचं तिच्या अर्धवट पाकिटात मुंबईच्या खोलीवरच्या गाववाल्यांनी भर घालून झालं. विषय बदलावा म्हणून मी विचारलं, "मुंबई कशी आहे काकी?" ती म्हणाली, "दवाखान्याच्या खिडकीतसून एक झाड दिसा. फणसाचा नव्हता."

पुढच्या जूनमध्ये माझी बदली साताऱ्याला झाली. निघताना काकीनं माझ्या हातात एक पाकीट ठेवलं. माझ्याच आईचं जुनं पत्र ज्यात आलं होतं तेच, उलटं करून चिकटवलेलं, वर निळीचे दोन ठिपके. "जावचे पैसे सरकार देतला," ती म्हणाली. "ह्या येवचा." मनीऑर्डर बंद झालेल्या त्या घरात हे पैसे तिनं कुठल्या चिल्लरीतून जमवले, ते विचारायची माझी हिंमत झाली नाही. येतो काकी, मे महिन्यात नक्की येतो, एवढंच म्हणालो.

मग लग्न झालं, आईचं आजारपण निघालं, मुलं झाली, आणि मे महिने येऊन गेले. आधी काका गेल्याचं पत्र आलं, चार वर्षांनी काकी गेल्याचं. पाकीट अजून माझ्या कपाटात आहे. ओढाताणीच्या दिवसांत बायकोनं दोनदा सुचवलं, पण त्यातला पैसा दुसऱ्या कशाला वापरणं माझ्याच्यानं झालं नाही. आता त्या पैशांत कणकवलीसुद्धा गाठता येणार नाही. पण तेव्हा येत होतं, पुरेपूर येत होतं. गेलो नाही तो मीच, आणि पैसे नव्हते असं म्हणायची सोय काकीनं ठेवलेली नाही.