तीन जबाबांतली एकच भीती

ती घटना आठवली की आजही मला आधी जबाब लिहून घेणाऱ्या आमच्या रायटर हवालदाराचा वैतागलेला चेहरा दिसतो. पुण्यात तेव्हा कॉल सेंटरचं वारं होतं. कसबा पेठेत गल्लोगल्ली इंग्रजी संभाषणाचे क्लास निघाले होते. अशाच एका क्लासचे चालक सकाळी तीन विद्यार्थ्यांना घेऊन आमच्या पोलीस ठाण्यात आले. क्लासच्या शिपायाने कोयता दाखवून या मुलांना धमकावलं, अशी त्यांची तक्रार होती. शिपाई साठीचा, क्लासमागच्या खोलीत बायकोसह राहणारा. मी त्याला आणून बाकड्यावर बसवलं आणि मुलांचे जबाब वेगवेगळे घ्यायला सांगितले.

तासाभराने हवालदार कागद घेऊन आला. "साहेब, ही पोरं घाबरलीसुद्धा इंग्रजीत. 'ब्लड रॅन कोल्ड', म्हणजे रक्त थंड झालं. मग केस उभे राहिले. मग म्हणे दचकून कातडीतून उडी मारली. पंचनाम्यात कातडी जप्त दाखवू का?"

मी हसलो आणि तिन्ही जबाब शेजारी ठेवून वाचले. रक्त, केस, कातडी. तिघांचा क्रम तोच. खरा घाबरलेला माणूस असं ओळीने बोलत नाही. तो शेवटचं आधी सांगतो, मध्येच चपलेचं सांगतो, कोयता कुठल्या हातात होता हे विसरतो. मी एका मुलाची वही मागवली. भीतीच्या वाक्प्रचारांच्या धड्यात तीच यादी होती, त्याच क्रमाने. पाठांतर चोख होतं.

तिघांतली एक मुलगी विदर्भातून आलेली होती. तिला महिला पोलिसाशेजारी बसवून मी म्हणालो, "इंग्रजी राहू दे. घरी आईला सांगशील तसं सांग. कशी भीती वाटली?"

तिने ओढणीच्या टोकाने तोंड पुसलं. "तेव्हा काहीच नाही झालं जी. भेव तर आता लागून राह्यलं."

मग रडत रडत तिने सगळं सांगितलं. सरांना मागची खोली कॉम्प्युटरसाठी हवी होती आणि शिपाई ती सोडत नव्हता. तिघांनी असा जबाब दिला नाही, तर कंपनीच्या मुलाखतीला नावं पाठवणार नाही, असा दम सरांनी भरला होता.

चालकांना आत बोलावून मी वही समोर ठेवली. "अहो, भीतीचा धडा छान शिकवलात आपण," एवढंच म्हणालो. अर्ध्या तासात ते कबूल झाले. त्यांच्यावर रीतसर कारवाई केली, मुलांना समज देऊन सोडलं.

मी खुशीत बाहेर आलो. शिपायाला म्हणालो, "काका, जा घरी. सुटलात."

तो उठेना. "पाय उचलत नाहीत, साहेब."

सकाळपासून तो तिथेच होता. त्याला कुणी पाणी विचारलं नव्हतं, की काय घडलं तेही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी स्वतः त्याला हाताला धरून घरापर्यंत पोहोचवलं.

पुढे निवृत्त होईपर्यंत, ज्याच्यावर आरोप आहे त्याला मी आधी समोर बसवून ऐकत आलो. ज्याला आपली भीती नीट सांगता येते, त्याचं कुणीही ऐकतं. ज्याला ती सांगता येत नाही, त्याच्यासाठी पोलीस ठाणं असतं. त्या दिवशी त्या शिपायाला आम्हीच घाबरवलं होतं.