विहिरीचा प्रसंग

त्या जुन्या भुताच्या सिनेमाची नवी, स्वच्छ केलेली डिस्क आज आली. विहिरीचा प्रसंग लावला आणि चिडचिडच झाली. चित्र इतकं उजळलंय की भुताला बांधलेली दोरीसुद्धा दिसते. आधीच्या सीडीत तर हा प्रसंगच कापला होता.

लहानपणी सात रस्ता चौकातल्या दुकानातून भाड्याने आणलेल्या कॅसेटवर हा प्रसंग काळाकुट्ट होता. खिडक्यांना चादरी लावून आम्ही भरदुपारी सिनेमा बघत होतो. भुताखेतांना हसणारे माझे वडील, अण्णा, विहीर दिसताच उठले आणि त्यांनी चादर ओढून काढली.

“अण्णा, काय झालं?”

“काय न्हाय. लई उकडतंय की.”

एवढं बोलून ते बाहेर रणरणत्या उन्हात जाऊन उभे राहिले. आता अण्णा नाहीत. त्यांना काय दिसलं होतं, ते शोधायला ही डिस्क मागवली, तर हिच्यात अंधारच ठेवलेला नाही.