एक कमी

चाकणच्या आमच्या कंपनीच्या गेटवरचे फौजीकाका उजवा पाय ओढत चालतात. शिफ्ट सुटली की काळेवाडीच्या कंपनी-बसमध्ये चढून ते माणसं मोजतात. आकडा जुळेपर्यंत ड्रायव्हरने कितीही हॉर्न वाजवला तरी खाली उतरत नाहीत. मला त्याचा वैताग यायचा.

मागच्या महिन्यात आग लागल्यावर काय करायचं याचा सराव होता. भोंगा वाजला, सगळे मैदानात जमलो. काकांनी मोजलं. एक कमी. एचआरचे साहेब हसून म्हणाले, "राहू द्या काका, मॉक ड्रिल आहे." काका तोवर जिना चढायला लागले होते. तीन मजले, तो पाय घेऊन. गच्चीवर फोनवर बोलत बसलेल्या एका ऑपरेटरला त्यांनी हाताला धरून खाली आणलं, तेव्हा त्यांचा शर्ट घामाने भिजला होता.

नंतर चहा घेताना मी म्हटलं, "काका, सरावच होता की."

"व्हय. लढाईत टेकडीवरनं मागं आलो, तवाबी मोजलं. एक कमी. मी परत वर गेलो. त्याला खांद्यावर घेऊन उतरताना पायात गोळी बसली. बसलो असतो तर त्याला खाली ठेवावं लागलं असतं. म्हणून चालत ऱ्हायलो."

"मग वाचला तो?"

"न्हाई. मी वर पोचलो तवाच गेला व्हता." त्यांनी कप विसळून पालथा ठेवला. "पण त्याच्या आईला तोंड बघाय मिळालं."

संध्याकाळी ते बसमध्ये चढले. मी फोन खिशात टाकला आणि त्यांना नीट दिसेन असा ताठ बसलो.