मामांचं ट्रेबल

माझ्या बायकोच्या मामांना उद्या प्रत्यक्ष देव भेटला, तर काही मागायच्या आधी ते त्याला दोन मिनिटं बोलायला लावतील, डोळे मिटून ऐकतील आणि म्हणतील, "समदं बरं हाय देवा, फक्त बेस जरा कमी करूया." अख्ख्या जोयडा तालुक्यात आवाजाचा असा वेडा दुसरा नाही, हे मी कुठल्याही देवळात नारळावर हात ठेवून सांगायला तयार आहे! वायरमनच्या नोकरीतून मामा सुटले आणि रामनगरच्या घरात, भाताच्या पोत्यांशेजारी, त्यांनी एक जुना कॉम्प्युटर मांडला. गणेशगुडीला राफ्टिंगला आलेल्या कुणा पाहुण्याने त्यात विंडोजऐवजी लिनक्स घालून दिलं. तेव्हापासून मामी म्हणतात, सवत आली असती तर निदान तिनं भांडी तरी घासली असती.

मी मुलगी बघायला गेलो तेव्हा बाकीच्यांनी नोकरी विचारली, शेत विचारलं. मामांनी मला फक्त नाव सांगायला लावलं, तेही दोनदा. मग आत जाऊन निकाल दिला, "पोरगा चांगला हाय. आवाजात ट्रेबल जरा जास्त हाय, पण चालतंय." माझं लग्न या शेऱ्यावर जमलेलं आहे. बेस म्हणजे मृदंगाचा घुमणारा जाड आवाज आणि ट्रेबल म्हणजे टाळांची किणकिण, हे मला त्याच दिवशी शिरा खाताखाता शिकवण्यात आलं. मागच्या दिवाळीत मात्र माझं बोलणं ऐकून ते म्हणाले, "पाव्हणं, तुमच्या आवाजातलं ट्रेबल ग्येलं की ओ! संसारानं माणूस मऊ होतंय बघा." सगळे हसले. मीही हसलो.

लिनक्सवर त्यांचा भलताच जीव. "हितं झाकपाक न्हाई. मीटरची पेटी उघडून तारा बघितल्यागत समदं दिसतंय," असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, टपाल द्यायला आलेल्यालाही. काळ्या पडद्यावर एक ओळ टाइप केली की बेसची एक, ट्रेबलची एक, अशा रंगीत पट्ट्या उभ्या राहतात. वरचा बाण दाबला की पट्टी चढते, खालचा दाबला की उतरते. हे बघायला मामा आम्हाला जेवणावरून उठवतात! एक घर चढवलं की "अहाहा!", एक घर उतरवलं की "छ्या, मेलं!" आम्हाला दोन्ही सारखंच ऐकू येतं, पण अहाहा म्हटल्याशिवाय ताटावर परत जाता येत नाही.

आसपासच्या गावांत भजन असलं की कॉम्प्युटर आणि स्पीकर मामांचे, आणि प्रत्येक गावासाठी पट्ट्यांची मांडणी त्यांनी कॉम्प्युटरात गावाच्या नावानं जपून ठेवलेली. दिग्गीच्या देवळावर पत्रा, तो घुमतो, म्हणून तिथं बेस कमी. नंदिगड्ड्याला मांडव उघड्यावर, भोवतालचं रान बारीक आवाज गिळून टाकतं, म्हणून तिथं ट्रेबल जास्त. एकदा दिग्गीत चुकून नंदिगड्ड्याची मांडणी लागली. मामांनी चालू भजन थांबवलं, देवापुढं विडा ठेवला आणि हात जोडून चक्क गाऱ्हाणं घातलं, "बा म्हाराजा, दुसऱ्या गावचा आवाज तुला लागला. चुकी झाली ती पोटात घाल." आणि जमलेला सगळा गाव रीतीप्रमाणे एका सुरात म्हणाला, "व्हय म्हाराजा!"

असा हा माणूस, म्हणून यंदा दिग्गीत जे झालं ते मला आधी खरंच वाटेना. टाळ दबतायत, टाळ दबतायत, असं म्हणत मामा पंधरा दिवस दिग्गीची मांडणी सुधारत होते. भर दुपारी भजन सुरू झालं आणि टाळांच्या पहिल्याच ठोक्याला स्पीकरमधून अशी काही किंचाळी निघाली की बायकांनी कानांवर पदर दाबले आणि पायरीवरचं कुत्रं थेट रानात पळालं. मामा मात्र ट्रेबल आणखी चढवत होते. मग ते चिडून ओरडले, "अरे, टाळ वाजवा की! नुसतंच हात हलवताय?"

टाळकरी थांबले. त्यांचे तळवे लाल झाले होते. भजन म्हणणारे बुवा हळूच म्हणाले, "वाजवतोय की ओ मामा. मघापास्नं वाजवतोय."

मला दिवाळीतलं ते वाक्य आठवलं. माझा आवाज मऊ झालाच नव्हता. मामांनी एकदा टाळांकडे पाहिलं, एकदा पडद्याकडे, आणि खुर्चीवरून उठले. "पाव्हणं, बसा हितं. माझं काम संपलं." इतक्या वर्षांची ती खुर्ची माणसानं अशी सोडावी, हे मला बघवेना. मी बसलो, घाबरत कुठलंतरी बटण दाबलं आणि सगळे स्पीकर मुके झाले! मामांना राहवलं नाही. माझ्या खांद्यावरून वाकून त्यांनी ते बटण पुन्हा दाबलं आणि आवाज परत आला. मी त्यांचा हात तिथंच धरून ठेवला. म्हटलं, "मामा, कान माझे घ्या. हात तुमचेच राहू देत." त्यांनी बोट बाणावर नेलं. मग म्हणाले, "सांगा तर मग. किती घरं खाली?" त्या दिवशी भजन असं रंगलं म्हणता!

आता आम्ही दोघं जातो. मी बोट वर-खाली करतो, मामा बाण दाबतात, आणि माझं चुकलं तर चारचौघांत माझा उद्धारही करतात. घरी मात्र त्यांनी स्वतःच्या नावाची एक वेगळी मांडणी केली आहे, फक्त हेडफोनसाठी. दुपारी पोत्याला टेकून ते दिग्गीच्या भजनाचं रेकॉर्डिंग ऐकतात आणि गुडघ्यावर बोटानं टाळ धरतात. मी एकदा तो हेडफोन लावला आणि लगेच काढला, इतकं कर्कश. त्यांना तेवढ्यावर कुठं थोडी किणकिण ऐकू येते. ट्रेबलची पट्टी पार वर टेकली आहे, तिला आता चढायला घर उरलेलं नाही. मामांना ते माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. तरी ऐकायला बसण्याआधी ते वरचा बाण एकदा दाबून बघतात.