डोळे नीट जोडलेले नाहीत

माझी आत्या साबणाच्या कारखान्यात लेबलं छापायची. स्वभाव कमालीचा संशयी. दूधवाल्यानं मापापेक्षा चमचाभर जास्त घातलं, तरी ती म्हणायची, "आज पाणी फुकट मिळालं वाटतं?"

त्यामुळे ऑफिसात कॉम्प्युटर आला, तेव्हा त्याचं नि तिचं जमणं कठीणच होतं. सुरुवातीलाच पडद्यावर उमटलं, 'कीबोर्ड सापडला नाही. पुढे जाण्यासाठी एफ-वन दाबा.' आत्यानं चटका बसल्यासारखे हात उचलले.

"सापडला नाही म्हणतोस, आणि वर त्याच्यावरच दाबायला सांगतोस? कोण आहे रे तिकडे?"

तिकडे, म्हणजे पलीकडच्या खोलीत, स्टोअरकीपर बसायचे. त्यांना आपल्या मेहुणीला या खुर्चीवर आणायचं आहे, असं आत्याच्या मनानं केव्हाच घेतलं होतं.

मग एकदा कागद अडकला आणि पडद्यावर आलं, 'प्रिंटर पेटला आहे.' आत्यानं दारामागची वाळूची बादली उचलली आणि प्रिंटरवर उपडी केली. ना धूर, ना जाळ. दाराशी हसायला मात्र निम्मा कारखाना गोळा झाला, आणि सगळ्यात मोठ्यानं हसले ते स्टोअरकीपर. आत्याला आणखी पुरावा कशाला हवा होता?

प्रिंटर साफ करायला दुरुस्तीवाला आला. टकलावरून घाम पुसत तो म्हणाला, "बाई, हा निरोप फार जुना. प्रिंटरला नेमकं काय झालंय हे यंत्राला कळलं नाही, की ते असं लिहितं. बनवणाऱ्यांनीच थट्टेत घालून ठेवलंय."

"म्हणजे खोटं बोलतं."

"खोटं नाही हो. वेडंवाकडं बोलतं. पण ते बोललं म्हणजे कुठेतरी काहीतरी बिनसलंय, एवढं नक्की."

आत्याला हे पटलं नाही. त्यातच एके दिवशी 'चूक: काम यशस्वीपणे पूर्ण झाले' असं उमटलं, तेव्हा ती एवढंच म्हणाली, "याला कुणाचं चांगलं झालेलंही बघवत नाही."

खरी चिंता वाटावी असं पुढे घडू लागलं. टेबलाच्या कडेला ठेवलेली कात्री नाहीशी व्हायची आणि थोड्या वेळानं तिथेच असायची. चहाचा कप कोपराला लागून फुटायचा. वाटेतल्या स्टुलाला तर ती रोज ठेचकाळायची. स्टोअरकीपर स्टूल मुद्दाम सरकवतात, अशी तिची खात्री झाली. तिनं खडूनं स्टुलाच्या पायांभोवती खुणा केल्या. स्टूल खुणेबाहेर जाईना, तर म्हणाली, "पक्का चोर आहे. परत जागेवर ठेवतो."

हे सगळं तिची मैत्रीण पाहत होती. ती साबणाच्या पेट्या तोलायची, म्हणून तिला सगळे काटेवाली म्हणत. ती एकदा हळूच म्हणाली, "ताई, डोळे दाखवून ये ना. तुला बाजूचं दिसत नाही गं."

"तुला त्यांनी पढवलंय का?" आत्या फणकारली. "डोळे गेले म्हणून मला घरी बसवायचं, असा बेत दिसतोय." त्या दिवसापासून तिनं काटेवालीसोबत डबा खाणं सोडलं.

पुढच्या सोमवारी कॉम्प्युटर सुरू करताच पडद्याच्या मधोमध ठळक अक्षरं आली: 'वापरणाऱ्याचे डोळे नीट जोडलेले नाहीत. तपासून घ्या.'

आत्यानं ती अक्षरं दोनदा वाचली. मग तडक उठली. "थांब, डॉक्टरकडूनच लिहून आणते डोळे चांगले आहेत म्हणून. एकदाचा याचा खोटेपणा उघडा पडू दे."

डॉक्टरांनी दोन्ही डोळ्यांतला दाब मोजला, बाजूची नजर तपासली आणि विचारलं, "इतके दिवस कुठे होतात?" काचबिंदू होता. कडेची नजर बरीच गेली होती, ती परत येणार नव्हती. पण औषध नेमानं घातलं, तर उरलेली टिकवता येईल, असं ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी आत्यानं दुरुस्तीवाल्याला बोलावून घेतलं. "यंत्राला माझे डोळे कसे कळले?"

तो टक्कल खाजवू लागला. नजर मात्र दारात उभ्या असलेल्या काटेवालीकडे गेली, आणि समोरचं तेवढं आत्याला लख्ख दिसलं.

"तू लिहायला लावलंस?"

"मग काय करू?" काटेवाली म्हणाली. "माणसाचं तू ऐकतेस कुठे? यंत्राशी निदान भांडायला तरी जाशील म्हटलं."

आत्याला राग आला होता आणि भीतीही वाटत होती. संध्याकाळी घरी जाताना ती स्टोअरकीपरच्या टेबलाशी थबकली.

"स्टुलाचं तुम्हाला माफ केलं," ती म्हणाली.

"कुठल्या स्टुलाचं?" ते गोंधळून उठले. आत्या तोवर भिंतीचा आधार घेत बाहेर पडली होती.

नोकरी पुढेही बरीच वर्षं टिकली, आणि नजरही. सकाळचं औषध ती घरी आरशासमोर स्वतः घाली. दुपारचं मात्र डबा खाऊन झाला की काटेवाली तिच्या डोळ्यांत घालायची. आत्या मान मागे टाकायची, पण त्याआधी बाटली हातात घेऊन त्यावरचं नाव नि तारीख रोज वाचायची.

"अगं, कालचीच बाटली आहे," काटेवाली म्हणे.

"असेल," आत्या म्हणे. "वाचू दे."