कुरडयांचे गहू

मुलाने घरबांधणीच्या कामांचा तक्ता भिंतीवर लावला आणि म्हणाला, "आई, या लाल रेघेतलं एक काम लांबलं की सगळं घर लांबतं. बाकीची थोडी मागंपुढं झाली तरी चालतात."

मला ताईचं लग्न आठवलं. आई म्हणाली होती, "कुरडयांचे गहू आज भिजव गं. त्यांना तीन दिवस लागतातच, बाकीचं मी ओढून नेईन." मी खेळात विसरले. रुखवतात कुरडया नव्हत्याच. आईने तिथे शेवया मांडल्या. विहीणबाईंनी विचारलं, तर म्हणाली, "यंदा ऊनच कुठं पडलं?" मांडवाबाहेर वैशाख तापला होता.

आईने माझं नाव कधीच कुणाला सांगितलं नाही. मीही मुलाला नुसतं "कळलं" म्हटलं.